शोधतंय अजून

"कुठवर आलं?" वैजूनं दारातूनच विचारलं.

"शोधतंय अजून," मी म्हणालो.

"काय शोधतंय?"

"आपल्याला कुठले कुठले अपडेट लागतात, ते."

"सकाळी नऊला शोधायला बसलं होतं ना ते? साडेबारा वाजले."

"जुनी सिस्टीम आहे. तिला वेळ लागतो."

"वेळ लागतो म्हणजे किती? माणूस उशीर होणार असला तर निदान सांगून तरी जातो, दिगू. ही पट्टी बघ, नुसती हिरवी हिरवी इकडून तिकडं पळतीय. ना पुढं, ना मागं."

तिनं चहाचे दोन ग्लास टेबलावर ठेवले, पदराला हात पुसले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. पाच मॉनिटरवर पाच हिरव्या पट्ट्या पळत होत्या. समोरच्या शिवणकामाच्या दुकानातून रऊफभाईंनी मान वर केली आणि रस्त्यापलीकडूनच ओरडून विचारलं, "काय हो इंजिनियर, झालं का?"

"होतंय, भाई!"

"हां हां, होऊ द्या. घाई कशाला!" असं म्हणून त्यांनी मशीनवर पाय मारला. त्यांच्या बोलण्यात चेष्टा होती की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. परांड्याच्या बाजारपेठेत ‘माळवदकर टायपिंग’ अशी पाटी होती. तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, टेबलामागचा कारकून माळवदकर सरांच्या हाताखालून गेलेला असायचा. सर आदल्या दिवाळीत गेले. त्यांच्यामागे त्यांची मुलगी वैजयंती क्लास चालवू लागली; खरं तर सर अंथरुणाला खिळले तेव्हापासून तीच चालवत होती. पण टाइपरायटरवरची परीक्षा बंद झाली आणि कॉम्प्युटरवरची आली. परिपत्रक निघालं: संस्थेत किमान पाच कॉम्प्युटर हवेत, पाचांवर परीक्षेचं सॉफ्टवेअर चालताना दिसलं पाहिजे. तपासणीला साहेब येणार, बघणार आणि मंजुरी देणार किंवा नाही देणार.

वैजूनं पाच मशिन आणली. त्यांच्यावर विंडोज होती नवी, आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर चालायचं फक्त जुन्या विंडोज सेव्हनवर. मग तिनं मला बोलावलं. गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझं एकट्याचंच होतं, त्यामुळे यात माझी काही मोठी निवड झाली असं समजायचं कारण नाही. शुक्रवारी दिवसभर बसून मी पाचही मशिन पुसून कोरी केली आणि त्यांच्यावर सेव्हन चढवली. ते काम झटपट झालं. अडलं पुढं. सेव्हनचे सगळे अपडेट आल्याशिवाय परीक्षेचं सॉफ्टवेअर तिच्यावर बसायला तयार नव्हतं, आणि अपडेट यायला तयार नव्हते.

तपासणी मंगळवारी अकराला होती.

"नाही झालं तर?" मी शुक्रवारी तिला विचारलं होतं.

"नाही झालं तर रायपूर," ती म्हणाली. "दादानं सांगूनच टाकलंय. मंजुरी आली तर राहा तिकडं, चालव तुझं तू. नाही आली तर कुलूप लाव आणि ये. एकटी बाई त्या गावात काय करणार, म्हणतो. बाबा होते तोवर मी एकटी नव्हते होय? तेव्हाही मीच होते की."

ती रायपूरला जाऊ नये असं त्या गावात सगळ्यात जास्त कुणाला वाटत होतं, तर मला. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. तिला तर नाहीच.

बारावीच्या सुट्टीत मी सरांच्या क्लासला लागलो तेव्हा मला पाच नंबरचं मशिन मिळालं. चार नंबरवर वैजू बसायची. सरांची एक शिस्त होती. बोटांकडे बघून टाइप करायचं नाही. त्यासाठी त्यांनी सुताराकडून लाकडी खोकी करून घेतली होती; खोकं कीबोर्डवर ठेवायचं, दोन्ही हात त्याच्या आत. खाली बघितलं तरी खोकंच दिसायचं. मला खाली बघायचं नव्हतंच. मला बाजूला बघायचं असायचं, आणि त्यावर सरांकडे खोकं नव्हतं. सहा महिन्यांत माझा वेग तीसवर गेला आणि तिथंच थांबला. तिचा पन्नासच्या पुढं गेला. परीक्षा झाली, मी पास झालो आणि क्लासला जायचं कारण संपलं. त्यांच्या घरचं आणि आमच्या घरचं जमणारं नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मनात आलेली गोष्ट तोंडापर्यंत यायला मला फार वेळ लागतो. बऱ्याचदा ती वाटेतच कुठंतरी बसून राहते. मग कळलं की तिच्यासाठी स्थळं बघतायत. मग सर पडले आणि स्थळं बघायची थांबली. पुढं वीसेक वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो. रस्त्यात भेटायचो. लोकांदेखत ती मला "काय शेटे, बरंय ना?" म्हणायची आणि मी "बरंय" म्हणायचो. एवढंच आमचं बोलणं.

आणि आता शनिवारी दुपारी ती माझ्या शेजारी बसून चहा पीत होती आणि मला दिगू म्हणत होती.

"तुझा वेग काय राहिलाय रे आता?" तिनं विचारलं.

"वेग? दोन बोटांनी मारतो मी."

"शी! बाबांचा विद्यार्थी आणि दोन बोटं?" तिनं खरंच डोक्याला हात लावला. "कुणाला सांगू नकोस हे."

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिथं उतरंडीसारख्या रचलेल्या टाइपरायटरांतला वरचा उचलून घेऊन आली. जड होता, मी धावलो, तर म्हणाली, "बस तू. मला सवय आहे." टेबलावर ठेवला, कागद घातला आणि तपासणीचा अर्ज टाइप करायला घेतला. रिबन वाळली होती, अक्षरं फिकी उमटत होती. तरी तिची बोटं थांबली नाहीत. ओळ संपली की घंटा वाजायची, ती डाव्या हातानं दांडा सरकवायची आणि पुन्हा सुरू. मी पट्टीकडं बघत असल्याचं दाखवत तिच्याकडं बघत होतो. या बाबतीत माझी जुनी तयारी होती.

संध्याकाळी सात वाजता आम्ही क्लास बंद केला. पाचही पट्ट्या होत्या तिथंच होत्या.

आता एक खरं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळंच खोटं वाटेल.

अपडेट का येत नाहीत हे मला माहीत होतं. शुक्रवारी संध्याकाळीच मी पुण्याला कुलथेला फोन केला होता. आम्ही एकत्र डिप्लोमा केलेला. तो म्हणाला, "अरे, सेव्हनचं आता सगळीकडं असंच चाललंय. दिवस दिवस शोधत बसते ती. तिच्या भरवशावर राहू नकोस. अपडेटची सर्व्हिस बंद कर, मी दोन फाइली पाठवतो, त्या हातानं टाक, मग सर्व्हिस चालू कर. पळायला लागते." फाइली आल्या. दुकानातल्या एका मशिनवर मी करूनही बघितलं. पाऊण तासात सगळं आलं. शनिवारी सकाळी मी वैजूकडं गेलो तेव्हा पेन ड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता.

मी तो काढणारही होतो. हात खिशाकडं गेला होता. तेवढ्यात ती म्हणाली, "दिगू, आज दिवसभर आहेस ना रे? मी चहाचं सांगून ठेवते." तिनं ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. हात खिशापासून परत आला. मी म्हणालो, "आहे की. याला काय, दिवस लागेल."

पाऊण तासात काम झालं असतं तर मी अकरा वाजता माझ्या दुकानात असतो. मग पुन्हा "काय शेटे, बरंय ना?" एवढ्यावर आलो असतो. मला एक दिवस हवा होता. तिचं नुकसान करायचं नव्हतं. मंगळवार लांब होता, उपाय खिशात होता, केव्हाही काढला तरी चालणार होतं. केव्हाही हा शब्द माझ्यासारख्या माणसाच्या हातात देऊ नये.

रविवारी तिनं धपाटे आणले. दही, शेंगाची चटणी. कीबोर्ड बाजूला सारून आम्ही तिथंच जेवलो. रऊफभाईंनी दुकानातून बघितलं आणि पाठ फिरवून बसले, भला माणूस.

"बाबा शेवटी शेवटी झोपायचे नाहीत," ती सांगत होती. "गोळी दिली तरी नाही. एकदा मला एक दाखला टाइप करायचा होता म्हणून मी मशिन त्यांच्या खोलीत घेऊन बसले. दहा मिनिटांत घोरायला लागले. मग रोज तेच. काम असो नसो, त्यांच्या उशाला बसून टाइप करायचं. काही सुचलं नाही की शेजारपाजारच्यांची नावं मारायची. थांबले की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, वेग कमी झाला."

ती हसली. मीही हसलो. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पाण्याचा तांब्या भरायला उठली.

परत आली तेव्हा म्हणाली, "रायपूरला माझ्यासाठी एक खोली ठेवलीय म्हणे. खिडकी आहे. दादा फोनवर तीनदा म्हणाला, खिडकी आहे, खिडकी आहे. मी म्हटलं, खिडकीतून दिसतं काय? तर म्हणाला, समोरची बिल्डिंग."

"जाऊ नकोस," असं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मंजुरी येईल की."

"येईल?"

"का नाही येणार?"

ती पट्ट्यांकडं बघत बसली. मग एकदम म्हणाली, "तू लग्न का नाही केलंस, दिगू?"

हे मला अनेकांनी विचारलं होतं आणि माझ्याकडं चार-पाच तयार उत्तरं होती. त्यातलं एकही त्या वेळी आठवलं नाही.

"राहून गेलं," मी म्हणालो.

"माझंही राहूनच गेलं," ती म्हणाली. आणि थांबली. ती थांबली म्हणजे आता मी बोलायचं होतं, एवढं मलाही कळत होतं. मी माउस हलवला. पट्टी पळत होती.

"शोधतंय अजून," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि डबा आवरायला घेतला.

सोमवारी मी पक्कं ठरवून गेलो की आज पेन ड्राइव्ह लावायचा. दुपारपर्यंत लावू म्हटलं. दुपारी तिनं जुन्या बॅचचे फोटो काढले. त्यात माझाही एक होता, तेव्हा मला केस होते. ती खूप हसली. मग चारला लावू म्हटलं. चारला तिनं विचारलं, "दिगू, समज मंजुरी आली, तर तू येशील ना रे अधूनमधून? मशिन बघायला? मला यातलं ओ की ठो कळत नाही." मी म्हणालो, "रोज येईन." हे मात्र तोंडातून पटकन निघून गेलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी लगेच म्हणालो, "म्हणजे, सुरुवातीला. नवीन मशिनला बघावं लागतं."

"हो ना," ती म्हणाली.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ती दारात उभी राहिली. "उद्या अकराला साहेब येतील. होईल ना?"

"सकाळी सहाला येतो मी. पाचही मशिन तयार करून देतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग मला काळजी नाही," ती म्हणाली. "किल्ली रऊफभाईंकडं ठेवते. मी आवरून आठपर्यंत येते." तरी ती लगेच निघाली नाही. कुलूप हातात घेऊन दोन मिनिटं उभी राहिली. मी बॅग खांद्याला लावली आणि निघालो.

मंगळवारी मी सहाला पोचणार होतो. पण मला वाटलं आज जरा नीट जावं. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट काढला, त्याचं बटण तुटलेलं निघालं, ते आईकडून लावून घेतलं. आई म्हणाली, "सकाळी सकाळी कुठली वरात आहे रे?" पोचायला पावणेसात झाले. पहिल्या मशिनला पेन ड्राइव्ह लावला, फाइली टाकल्या, पट्टी धावायला लागली आणि चक्क पुढं सरकायला लागली. मी खूश. दुसऱ्याला लावला. तिसऱ्याकडं वळलो आणि खोलीत एकदम शांतता झाली. पाचही पडदे काळे.

मी बाहेर आलो. रऊफभाई दुकान झाडत होते.

"भाई, लाइट गेली का?"

"गेली म्हणजे? आज मंगळवार ना? सात ते एक."

आमच्या गावात आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, आणि गावाचे दोन भाग आहेत. स्टँडकडची बाजू शुक्रवारी, बाजारपेठ मंगळवारी. माझं घर आणि दुकान दोन्ही स्टँडकडं. माझा अंधार शुक्रवारचा. मंगळवार मी आयुष्यात कधी मोजलाच नव्हता, आणि बाजारपेठेतल्या कुणाला तो मला सांगायची गरज वाटली नव्हती.

आठला वैजू आली. नवी साडी, केसांत अबोली. आत येऊन तिनं काळ्या पडद्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झालं ना सगळं? मी मांडववाल्याचा जनरेटर सांगितलाय साडेदहाला. साहेबांना दाखवण्यापुरता."

"नाही झालं," मी म्हणालो. "दोनाला लावलं होतं. मध्येच गेली."

"सहाला येतो म्हणाला होतास. मला वाटलं, लाइट जायच्या आत उरकशील."

"उशीर झाला जरा."

तिनं माझ्या शर्टाकडं बघितलं. दाढीकडं बघितलं.

"जनरेटर आत्ता नाही का आणता येणार?"

"हळदीला गेलाय तो. दहापर्यंत तिथंच आहे."

जनरेटर आला पावणेअकराला. पहिलं मशिन कामाच्या मध्येच बंद पडलं होतं, ते उठायलाच तयार होईना. मी ते सोडून दिलं आणि बाकीच्या चारांना लागलो. एक पेन ड्राइव्ह, चार मशिन. अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेब आले. वयस्कर, शांत माणूस. वैजूनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सरांचा हार घातलेला फोटो दाखवला. साहेब म्हणाले, "नाव ऐकलंय मी यांचं." मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मला दोनला भूमला पोचायचंय. साडेबारापर्यंत थांबतो. चालेल?"

ते खरंच थांबले. मी एवढ्या वेगानं आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. चार बोटं, सहा बोटं, सगळी बोटं चालत होती. साडेबाराला तीन मशिनवर परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं. चौथ्याचे अपडेट निम्म्यावर होते. पहिलं तर मेलेलंच होतं.

"साहेब, अर्धा तास," मी म्हणालो. "दोन्ही करतो."

"अर्ध्या तासात होणार असतं तर मी बसलो असतो हो," ते म्हणाले. "ते पहिलं तुम्ही पुन्हा कोरं करणार, मग सगळं चढवणार. मलाही थोडंफार कळतं." मग वैजूकडं वळून म्हणाले, "ताई, नियम पाचचा आहे. मी तिनाचे पाच लिहू शकत नाही. पुढच्या वर्षी अर्ज करा. मी स्वतः येईन."

वैजू म्हणाली, "हो साहेब. तुम्ही थांबलात, तेच खूप." त्यांना दारापर्यंत सोडून आली. मांडववाल्याचा माणूस जनरेटर बंद करून घेऊन गेला. खोलीत पुन्हा काळे पडदे.

मी खुर्चीवर बसून होतो. ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल. मला तिनं बोलायलाच हवं होतं. चार माणसांदेखत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

"जेवलास का सकाळपासून काही?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"तीन दिवस बसलास माझ्यासाठी," ती म्हणाली. "कोण करतं एवढं?"

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या पंधरा दिवसांत सगळं आवरलं. दादा रायपूरहून आला. टाइपरायटर भंगारात गेले. पाटी काढली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. रऊफभाई दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. माझं दुकान तिथंच, त्यामुळे कुणाला काही सांगायला लागलं नाही. कुर्डुवाडीची एसटी लागली होती. दादा टपावर सामान चढवून घेत होता, कंडक्टरशी हुज्जत चालली होती. वैजू खाली पिशवी धरून उभी होती.

"आलास," ती म्हणाली.

"आलो."

"पोचल्यावर पत्र पाठवते. टाइप करून," ती म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबलं. तिनं एकदा वर दादाकडं बघितलं, तो पाठमोरा होता. ती अर्धं पाऊल जवळ आली.

"दिगू, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"ते लवकर होण्यासारखं काही होतं का रे? शनिवारीच? काही उपाय?"

मला वाटलं हिला कळलं. कळलं तर जन्मभर माझं तोंड बघणार नाही. माझ्या उशिरामुळे तुझं घर मोडलं, हे त्या बाईला एसटीच्या दारात कसं सांगायचं? आणि का उशीर केला ते कसं सांगायचं?

"नाही," मी म्हणालो. "नव्हतं काही."

ती माझ्याकडं बघत राहिली. कंडक्टरनं घंटी मारली.

"बरं," ती म्हणाली. "येते, शेटे."

पत्र आलं नाही. ते येईल असं मला वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दुकानावरून गेला की मी मान वर करायचो. बाजारपेठेत त्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिकडून जायचं झालं तर मी मागच्या बोळातून जातो.

सहा वर्षांनी बार्शीला बागवान सरांच्या क्लासमध्ये काही मशिन बघायला गेलो होतो. त्यांचीही टायपिंगची संस्था. माळवदकर सरांना मानणारा माणूस. काम झाल्यावर चहा मागवला आणि गप्पा निघाल्या.

"परांड्याचं फार वाईट झालं हो," बागवान सर म्हणाले. "वैजयंतीबाई म्हणजे हाडाच्या मास्तरीण. आणि गेलं कशापायी, तर त्या अपडेटपायी. मला अजून कळत नाही, असं झालं कसं."

"लाइट गेली होती त्या दिवशी," मी म्हणालो.

"त्या दिवशी गेली. पण तोवर दोन-तीन दिवस होते की हातात. आमच्याकडं पण तेच झालं होतं; माझ्या भाच्यानं दोन फाइली टाकून दोन तासांत सगळा क्लास चालू केला. मी त्याच दिवशी वैजयंतीबाईंना फोन केला. शनिवार होता, दुपारची वेळ. म्हटलं, असा असा उपाय आहे, फाइली पाठवून देतो, तुमच्या माणसाला सांगा."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मग?"

"मग काय, हसल्या त्या. म्हणाल्या, सर, त्याला ठाऊक नसेल होय? एवढा इंजिनियर माणूस. मी म्हटलं, ठाऊक आहे तर मग बसलाय कशाला? तर म्हणाल्या..." बागवान सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणाल्या, तेच त्याच्या तोंडून ऐकायचंय. सांगेल तो. मी वाट बघतीय."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मला त्याचा अर्थ तेव्हाही लागला नाही," सर म्हणाले. "तुम्हाला लागतो का काही? तुम्हीच होतात ना तिथं?"

"होतो," मी म्हणालो.

"नंबर आहे त्यांचा माझ्याकडं. दिवाळीला फोन करतात अजून. एकट्याच असतात, तिकडं एका शाळेत शिकवतात. देऊ?"

मी हो म्हणालो. त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. त्यालाही आता तीन वर्षं होत आली. फोन अजून केलेला नाही. स्टँडवर तिनं विचारलं तेव्हा ‘हो’ एवढं एक अक्षर पुरलं असतं. आता तेच सांगायला किती बोलावं लागेल, याचा अंदाज घेत मी बसलोय.